वजनकाट्यावरची तुळस

रंगाक्कांनी माझा वजनकाटा उचलून नेला आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. पाणी घातलं की आकडा वाढतो आणि अक्का खूश होऊन म्हणतात, "बघ, ही कशी निमूट अंगाला लावून घेते."

अक्का आमच्या शेजारीण. मी सांगलीची, पण सासर कुंभकोणमचं. तीनशे वर्षांपूर्वी इकडे उतरलेल्या मराठी माणसांचं. घरात बोलतात ती मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुणीतरी जुनी पोथी उघडून वाचतंय असं वाटलं होतं. अक्कांची तर सगळ्यात जुनी. रस्त्यावर पाऊल टाकलं की मात्र त्या तमिळच बोलतात.

अक्कांनी आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, लग्न केलं नाही. भावांना शिकवलं, ते पांगले. तरीही अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईने काय खावं, हे आळीत त्यांनाच विचारायची पद्धत आहे. कधी पाळणा न हलवलेल्या बाईला हे कसं कळतं, असं एकदा मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना विचारून बघ." माझी हिंमत झाली नाही.

बाळाला घेऊन मी माहेरून परत आले, त्या दिवसापासून अक्कांचे डबे सुरू झाले. लसणाचं कोळंबु, म्हणजे चिंचेचं आंबट-तिखट कालवण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तुपात माखलेला भात आणि वर काळंभोर लेहियम्, म्हणजे बाळंतिणीचं तिखट-गोड चाटण. डबा देताना एक वाक्य ठरलेलं: "दूध ताटांतून येतें, पोरी, आरशांतून नाहीं." जाताना दुसरं: "अस्की खा." अस्की म्हणजे सगळं. शेवटचं शीतसुद्धा.

पण माझं सगळं लक्ष आरशातच होतं. भावाचं लग्न तोंडावर आलेलं आणि शिवून ठेवलेला ब्लाउज दंडातच अडकत होता. मी काकडी, ताक आणि एक फुलका यांवर राहायचं ठरवलं. डबे गुपचूप नवऱ्याकडे वळवले. त्याच्या गालांवर असं तेज चढलं, की बँकेतले लोक त्याला सासुरवाडीला जाऊन आलास का, असं विचारू लागले.

त्या दुपारी मला अजून आठवतात. बाळ पीत असायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी भाजल्याचा वास पसरायचा, लांब कुठल्याशा देवळातून नादस्वर यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. भुकेने डोकं हलकं झालेलं. खोली तरंगतेय आणि कावेरीच्या पाण्यावर आम्ही दोघं वाहत चाललोय, असं वाटायचं. ते मला आवडायचंसुद्धा. मग बाळ तोंड बाजूला करून रडायचं. थोड्या वेळाने पुन्हा धरायचं, पुन्हा रडायचं.

डॉक्टरांनी बाळाला काट्यावर ठेवलं. महिन्याभरात वजन जवळजवळ वाढलंच नव्हतं. त्यांनी शांतपणे विचारलं, दिवसभरात काय काय खाता? मी खरं ते सांगितलं. वजन हळूहळू उतरेल, त्याची घाई आता करू नका, आधी पोटभर जेवा, नीट पाणी प्या आणि पंधरा दिवसांनी बाळाला पुन्हा दाखवा, असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन पायरीवर बसले आणि रडले.

शेजारी अक्का त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं, डब्यांसकट. आता ताट आणि आरसा ऐकायची मी तयारी केली. पण त्यांनी बाळाच्या तळपायावरून नुसतं एक बोट फिरवलं आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा स्वतः खाऊ लागले आणि नेमकी तेव्हाच अक्कांच्या हाताची चव गेली. एका दिवशी कोळंबु खारट ढाण, दुसऱ्या दिवशी भाजी आळणी. चव घेतल्याशिवाय डबा न देणारी ही बाई. वय झालं, असं आम्ही नवराबायको हळू आवाजात बोललो आणि मी बिनतक्रार खात राहिले.

पंधरा दिवसांनी काटा चांगला सरकला. डॉक्टर हसल्या. मी रिक्षातून उतरले ती बाळाला घेऊन थेट अक्कांच्या स्वयंपाकघरात. त्या जेवायला बसल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मला तर कडकडून भूक लागली होती. पातेल्यातला दहीभात वाढून घेतला, घास तोंडात घातला. मीठ नाही. चटणीतही नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इथून जवळच तिरुनागेश्वरमला एक पेरुमाळ आहे, विष्णूच तो. त्याची नवरी इतकी कोवळी होती, की स्वयंपाकात मीठ घालायचं तिला ठाऊक नव्हतं. देव म्हणाला, मी आळणी जेवेन. आजही तिथला नैवेद्य बिनमिठाचा असतो, आणि इकडची माणसं नवसासाठी मीठ सोडतात.

"अक्का, तुम्ही माझ्या बाळासाठी मीठ सोडलंत?"

"शनिवारीं देवाला सांगून येतें. मग खाईन."

जिभेला मीठ लावायचं नाही, म्हणून त्या माझं जेवण न चाखता, हाताच्या अंदाजाने करत होत्या. मला फार लाज वाटली आणि त्याहून फार माया. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, याआधी कुणाकुणासाठी मीठ सोडलं होतं?

त्यांनी बाळाच्या तळपायावरून पुन्हा एक बोट फिरवलं.

"भावांसाठीं त्यांच्या बायका आहेत. नवस बोलायला आपलें माणूस लागतें, पोरी. एवढीं वर्षें मी मीठ खातच होतें."

मी बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं, त्या आळणी भाताचा आणखी एक डाव वाढून घेतला आणि त्यांच्या समोर बसून अस्की खाल्ला.