हिरो करते काय?

नामदेवभाऊ कादंबरी हातात घेतात आणि पान उघडायच्या आधी मला विचारतात, "बाई, यातला हिरो करते काय?"

गडचांदूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. भाऊ सिमेंट कारखान्यातले निवृत्त फिटर. वाचतात फक्त दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं. त्यातले बंगले, बग्ग्या, मेजवान्या त्यांना तोंडपाठ आहेत आणि त्यातलं काहीएक पसंत नाही.

"दोनशे पानं झाली, हा नुसता घोड्यावर फिरून राह्यला. याले ड्युटी नाई का?"

अनाथ पोरगा राबून वर येतो, तिथवर भाऊ खूश. शेवटी कुठला तरी काका मरतो, इस्टेट पोराच्या नावावर होते आणि भाऊंचं डोकं फिरतं. "इतकी मेहनत केली अन् लेखकानं त्याले फुकट्या करून टाकलं! काऊन?" एका सरदारपुत्राला तर त्यांनी प्रत्येक प्रकरणाखाली पेन्सिलीने बजावलं होतं, 'ऊठ. कामाले लाग.' मी रागावले, तर खोडरबर घेऊन दुपारभर बसले. मदत करू म्हटलं, तर म्हणाले, "मीच लिहिलं, मीच पुसीन."

भाऊंचं सगळंच असं. वाचनालयाचा पंखा करकरला की शिडी तेच आणतात. कोणी शिडी धरली तर खाली उतरतात. "सोडा आधी. मंग चढतो."

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद केलं. आठवड्याने काळा चष्मा लावून भाऊ आले आणि माझ्यासमोर बसून राहिले.

"बाई," ते म्हणाले, "थोडं वाचून दाखवता का?"

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी वाचू लागले. नायक चांगलाच आळशी निघाला. मी मुद्दाम थांबले, पण भाऊ गप्पच.

"आवडत नाही का, भाऊ?"

"तसं नाई. माह्या बायकोले, सुमनले, वाचता येत नव्हतं. ती होती तोवर रोज जेवण झालं की मी तिले वाचून दाखवत होतो. अन् दर पानाले थांबून हिरोले शिव्या देत होतो. ती म्हणे, पुढं वाचा ना जी." त्यांनी चष्मा सारखा केला. "ऐकणाऱ्याचा जीव पुढच्या ओळीत अडकून राह्यते, हे मले आज समजलं."

मी पानावर थांबलेली ओळ शोधू लागले.

"वाचा बाई," भाऊ म्हणाले. "मी मधात बोलत नाई."