हलवू नये

नळी दोन तास अजिबात हलवू नये, असं त्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. छापणारा माणूस बोईसरला कधी राहिलेला नसावा. उषाची खोली रुळांमागच्या बैठ्या चाळीत होती. मालगाडी गेली की फळीवरची भांडी एकमेकांना ढकलत कडेला येत आणि संध्याकाळी उषा त्यांना पुन्हा भिंतीशी सरकवून ठेवी. दिवसभरात तिचा कोणाशी व्यवहार झालाच तर तो तेवढाच.

ती वैजापूरकडची. नवरा पुंजाराम इथे रंगाच्या कारखान्यात होता. ज्या रंगाचा माल चालू असेल त्या रंगाचा घाम त्याला येई, आणि त्या आठवड्यात तो हिरवा होता. घरी येऊन जेवायचा आणि हिरव्या झालेल्या उशीवर घोरू लागायचा. माणूस सालस होता, पण नुसत्या सालसपणाशी गप्पा मारता येत नाहीत. त्यासाठी माणूस जागा लागतो.

दिवाळीनंतर एकदा उषाची पाळी चुकली होती. तिने पुंजारामला सांगितलं, त्याने आईला पत्र टाकलं आणि आईने अख्ख्या गावात गूळ वाटला. जावेने तर कुंचीसाठी कापडसुद्धा बेतलं. हे सगळं कळवणारं पत्र आलं त्याच दिवशी उषाला रक्त जायला लागलं. जे होतं ते गेलं, आणि वाटलेला गूळ काही परत मागता येत नाही. तेव्हापासून गावाहून येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘विशेष काही?’ एवढंच असे आणि उषा तेवढी ओळ आत दुमडून पत्र ठेवून देई.

म्हणून आता पुन्हा पाळी चुकली तेव्हा तिने ठरवलं, खात्री झाल्याशिवाय नवऱ्यालाही पत्ता लागू द्यायचा नाही. स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात तिने आधी डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, मग कापूस घेतला, आणि दुकान रिकामं झाल्यावर मुंबईहून नवीनच आलेली ती तपासणीची पेटी मागितली. सकाळी पुंजाराम कामावर गेल्यावर तिने लघवीचे थेंब नळीत टाकले आणि कागदावर लिहिलं होतं तसं पाणी घातलं. नळीच्या बुडाशी तपकिरी कडं उमटलं तर दिवस गेले आहेत, नुसता गाळ पसरला तर नाहीत. खालून पाहायला छोटा आरसाही दिला होता.

आता नळी ठेवायची कुठे? फळीचा भरवसा नव्हता. शेवटी तिने तांदळाचा डबा उघडला आणि तांदळावर ती नळी स्टँडसकट अलगद बसवली. तांदळात हादरा जिरेल, असा तिचा हिशेब. स्वतःच्या अकलेवर ती खूश होते न होते, तोच भिंत धडधडू लागली.

भिंतीपलीकडे सोजराबाई मिरच्या कुटायला बसली होती. वर्षाचा मसाला, म्हणजे दुपारपर्यंतची निश्चिंती. सोजराबाईचा आवाज मोठा, म्हणून उषा तिला वचकून असे. नळावर ‘तुमचा हंडा झाला का?’ यापलीकडे दोघींचं बोलणं गेलं नव्हतं. पण आता प्रश्न नळीचा होता.

“मावशी, जरा थांबता का? दोन तास फक्त.”

“का गं? डोकं दुखतंय?”

डोकेदुखी म्हटली असती तर भागलं असतं. गोळ्यासुद्धा घरात होत्या. पण घाबरलेलं माणूस नेमकं भलतंच बोलतं. “नाही, विरजण लावलंय. हललं तर दही मोडेल.”

“आत्ता? भर उन्हाळ्यात, सकाळी?” सोजराबाईने बत्ता खाली ठेवला. “दही हाय का बाळंतीण, हलवायचं न्हाई म्हणायला!”

तरी ती थांबली. चूक झाली ती तिथेच. सोजराबाईचे हात थांबले की पाय चालू होतात. घटकाभरात ती वाटी घेऊन दारात हजर. पाठोपाठ मुरबे गावची कोळीण जमुना मासळीची पाटी घेऊन आली.

“बोंबील ताजं हाय गो!”

“पाटी हळू टेक!” सोजराबाई ओरडली. “हिचं दही लागतंय!”

त्या ओरडण्याने चाळीतली चार दारं उघडली. कोणाला वाटलं भांडण, कोणाला वाटलं साप. सगळे धावत आले आणि धावण्याने जमीन जी हादरली ती मिरच्या कुटण्याने हादरली नसती. साप नाही हे कळल्यावर त्यांतल्या दोघींनी संध्याकाळसाठी दही सांगून ठेवलं.

एवढ्यात मालगाडीचा भोंगा ऐकू आला. उषाने मागचापुढचा विचार न करता आत धाव घेतली, तांदळाचा डबा अलगद उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून श्वास रोखून बसली. भांडी खणखणली. गाडी संपता संपेना. ती संपली तेव्हा सोजराबाई आणि जमुना डब्यात डोकावत होत्या.

“ये काय दही हाय?” जमुनाने विचारलं.

उषाला रडूच कोसळलं. रडता रडता तिने सगळं सांगितलं. गूळ, कुंची, पत्रं, सगळंच. इतकं बोलणं तिला बोईसरला आल्यापासून जमलं नव्हतं. सोजराबाईने उठून दार लावून घेतलं.

“माझे दोन गेले,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. “मग पोरगा झाला, झुंबर. कोणाला सांगती? मिरच्या कुटीत बसायचे.”

मग तिघी डब्याभोवती बसून राहिल्या. जमुनाच्या बोंबलांवर माश्या घोंगावत होत्या, तरी ती उठली नाही. वेळ भरला तेव्हा आरशात एक कडं दिसलं. बारीक, तपकिरी, पुरतं गोल.

“बांगडीच गो!” जमुना म्हणाली.

उषा हसत उठली, आणि उठताच तिला ते ओलं जाणवलं. ती मोरीत गेली, पडदा ओढला. लुगड्याच्या आतल्या बाजूला लाल डाग होता. फार मोठा नव्हता, पण लालच होता. बाहेर त्या दोघी डोहाळ्यांना काय करायचं यावर वाद घालत होत्या. तिकडे नळी हो म्हणत होती, इकडे कापड नाही म्हणत होतं, आणि मध्ये उषा एकटी उभी. पुन्हा तेच. त्या दोघींना हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून ती तांब्याने पाणी ओतत राहिली.

“पाणी वाजतंय, पण पोरगी भाईर येईना,” सोजराबाई म्हणाली आणि विचारायच्या भानगडीत न पडता तिने पडदा सारला.

रिक्षा बोलावली. बोईसरचे रस्ते म्हणजे मालगाडी परवडली. सोजराबाई रिक्षावाल्याच्या मानगुटीशी वाकून बसली.

“भैया, हळू चलाव. बिलकुल हलना नहीं मंगता.”

“क्यों मौसी, काँच का सामान है?”

“दही हाय!”

“दही किधर है?” त्याने मागे वळून पाहिलं. रडणारी एक बाई आणि बोंबलाची एक पाटी. पुढे त्याने काही विचारलं नाही, पण रिक्षा इतकी हळू हाकली की सायकलवाले पुढे गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. “पिशवीचं तोंड बंद आहे. सुरुवातीला असा डाग कित्येकींना दिसतो आणि पुढे सगळं नीट होतं. माझ्याकडून वचन नाही, पण आत्ता तरी काही गेलेलं नाही. रक्त वाढलं किंवा पोटात दुखलं तर लगेच या. तोवर निजून राहा, धक्के नकोत.” मग त्यांनी विचारलं, “घरी कोण आहे?”

उषाने ‘कोणी नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

“आमी हाय ना,” जमुना म्हणाली. तिच्या पाटीचा वास आता सगळ्या दवाखान्यात भरला होता.

कारखान्यातली पाळी संपवून पुंजाराम आला तेव्हा नखशिखान्त हिरवा होता. दारातच सोजराबाईने त्याला अडवलं. “चपला हातात घे. दही लागतंय.”

तो चवड्यांवर आत आला. उषा खाटेवर उताणी पडली होती. फळीवरची भांडी कडेला आली होती आणि तिने ती सरकवलेली नव्हती.

“दही केलंय म्हणे. वाढ की.”

“लागतंय अजून,” उषा म्हणाली. मग तिने त्याचा हिरवा हात ओढून पोटावर ठेवला. “आईंना लिहायचं नाही. कबूल?”

त्याने मान हलवली, हात मात्र हलवला नाही. त्या संध्याकाळी तो घोरलाही नाही.

त्या वर्षी पुढे चाळीत कोणी मिरच्या कुटल्या नाहीत. सगळ्यांनी गिरणीत दळून आणल्या आणि मसाल्याला चव नाही म्हणून वर्षभर उषाच्या नावाने कुरकुर केली. डाग हळूहळू थांबला. थंडीत मुलगी झाली आणि मगच गावाला पत्र गेलं.

पोरगी मात्र विचित्र निघाली. मालगाडी धडधडत जायला लागली की ती गाढ झोपे आणि सगळं शांत झालं की टक्क जागी होऊन टाहो फोडी. तेव्हा उषा पलीकडच्या भिंतीवर थाप मारी. “मावशी, झोपेना हो!”

मग सोजराबाई हातातलं काम टाकून भिंतीशी बसे आणि पोरीचा डोळा लागेपर्यंत रिकामाच खलबत्ता कुटत राही.