डिजिटल डब्यासाठी सातबारा

"उद्या सकाळी माह्या दुकानापुढं रांग नाही लागली, तर दुकानाची पाटी उतरून चुलीत घालीन!"

अशी घोर प्रतिज्ञा कय्यूमभाईंनी शुक्रवारी सायंकाळी तांदुळखेडच्या एस. टी. थांब्यावर, चहाचा कप उंचावून केली. ऐकणाऱ्यांत हिंमतराव होते. हिंमतरावांच्या कानी पडलेली वार्ता गावात पोहोचण्यास फार वेळ लागत नसे. ती त्यांच्या आधीच घरी पोहोचलेली असे!

"काय आणून राह्यला बे कय्यूम?" हिंमतरावांनी विचारले.

"ते नाही सांगत, काका. माल मोजकाच हाये. आठच नग. ज्याचा नंबर पयला, त्याले भेटन!"

वाचकहो, वस्तुतः या गुप्ततेचे काहीच प्रयोजन नव्हते. येणार होते ते टीव्हीचे डिजिटल डबे. सोबत प्रत्येकी एक छत्री, म्हणजे छपरावर बसवायची लोखंडी तबकडी. एकदा बसवली की महिन्याला दमडी देणे नाही आणि चित्र असे की आरशाने लाजावे! तोवर असा डबा पाहिजे असल्यास नांदुरा किंवा शेगाव गाठावे लागे, आणि आणलेला डबा बसवून देणारा कोणी भेटत नसे.

कय्यूमभाईंनी वीस वर्षे रेडिओ दुरुस्त केले होते. परंतु आता रेडिओ कोणी बिघडवीतसुद्धा नव्हते. नांदुऱ्याच्या ठोक व्यापाऱ्याने त्यांना आठ डबे दिले आणि अट घातली, की रविवार संध्याकाळपर्यंत आठही विकले तर पाच गावांची एजन्सी तुमची. नाही तर दुसऱ्याची. पत्नी मुबीना हिचे भाऊ भुसावळला चपलांचे दुकान चालवीत. ते फोनवर वारंवार म्हणत, "दुकान बंद करा आणि इकडे या." कय्यूमभाईंचे चपलांशी वैर नव्हते. पण स्वतःचे दुकान सोडून मेहुण्याच्या स्टुलावर बसणे म्हणजे, स्टेशन न लागणाऱ्या रेडिओचा काटा आयुष्यभर फिरवीत बसणे होय, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

त्यांच्या योजनेत एकच उणीव राहिली. महिना जूनचा आहे, हे ते विसरले!

त्या वर्षी बीटी कपाशीच्या एका वाणाची भयंकर टंचाई झाली होती. मागचे दोन हंगाम हातचे गेलेले. यंदा तरी पेरा वेळेवर साधावा, या आशेने शेतकरी गावोगावच्या कृषी केंद्रांपुढे पहाटेपासून सातबारा घेऊन उभे राहत. माणशी दोन पाकिटे! दुकानदार पुढच्या दाराने "नाही" म्हणे आणि मागच्या दाराने देई. शिवाय पाकिटासोबत एखादी नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारी. या जबरदस्तीला 'लिंकिंग' असे भारदस्त नाव होते.

अशा दिवसांत, शनिवारी सकाळी, ताडपत्रीने झाकलेला टेम्पो कय्यूमभाईंच्या दुकानापुढे थांबला. खोकी भराभर उतरली. मांडामांड करण्यासाठी कय्यूमभाईंनी शटर अर्धे ओढून घेतले. तासाभराने त्यांनी वाकून पाहिले, तो शटरखाली पायच पाय! पायांना दोनाने भागून त्यांचा ऊर आनंदाने भरून आला.

"मुबीना! देख! साठ आदमी!"

मुबीनाने वाकून पाहिले. ती वाकली ती जरा जास्तच, म्हणून तिला हातही दिसले.

"वो तो ठीक है जी. पर इनके हात में सातबारा कायको है?"

कय्यूमभाईंनी शटर वर केले. रांगेत सर्वांत पुढे हिंमतराव, त्यांच्यामागे सिंधूताई. नवऱ्यामागे चार एकर एकटीने कसणारी ही बाई रांगेत असली की रांग सरळ असे.

"कय्यूमभाई, मले दोन पाकिटं," सिंधूताई म्हणाल्या.

"कायची पाकिटं, ताई? माह्यापाशी बियाणं नाही!"

रांगेत समाधानाची लाट उसळली.

"हाये!" हिंमतराव मागे वळून गरजले. "नांदुऱ्याचा दुकानदारबी पयले असाच म्हणे!"

"अहो काका, कसम से नाही!"

"कसम खाऊन राह्यला म्हणजे लय हाये!"

कय्यूमभाईंनी घाईघाईने एक डबा आणून सर्वांसमोर धरला. "हे पाहा! हा माल हाये. टीव्हीचा डबा!"

हिंमतरावांनी डब्याकडे पाहिले आणि समजूतदारपणे मान डोलावली. "असं सांग ना बे. लिंकिंग हाये तुह्यावालं! दोन पाकिटांमागं एक डबा. घ्या लागते तं घेऊ. काढा रे पैसे!"

आणि खरोखर, हां हां म्हणता आठ जणांनी नोटा पुढे केल्या!

वाचकहो, हा क्षण मोठा कठीण होता. आठ डबे, आठ गिऱ्हाइके, पाच गावांची एजन्सी! नुसते गप्प राहिले असते, तर सकाळी नऊ वाजता भुसावळचे संकट टळले असते. कय्यूमभाईंनी मुबीनाकडे पाहिले. मुबीनाने गल्ल्याचे झाकण लावून टाकले. आणि वीस वर्षांच्या संसारात तिची खूण त्यांना पुरती कळत असे.

"नाही देत," ते म्हणाले. "बियाण्याच्या भरवशावर डबा नाही देत मी. पैसे ठेवा खिशात."

या सत्यवचनाचा परिणाम विपरीत झाला.

"ब्लॅकनं इकाचं हाये याले!" कोणीतरी ओरडले. हिंमतरावांनी खोक्यासकट डबा हिसकावून कानाशी हलवला. खोक्यातली स्क्रूची पुडी खुळखुळली.

"वाजून राह्यलं! बियाणं हाये यात!"

सिंधूताई दुकानाच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात फोन लावला. अकराच्या सुमारास तिथले नागसेन साहेब मोटारसायकलवरून आले. गंभीर चेहरा, हातात वही.

"कय्यूमभाई, साठा दाखवा."

आठही खोकी उघडली गेली. पंच म्हणून हिंमतरावांनी प्रत्येक स्क्रू जातीने तपासला, एक तर दाताखालीसुद्धा धरला! बियाणे निघाले नाही.

"डब्याच्या पोटात असन," हिंमतराव हटेनात. "साहेब, हा खरंच डबा हाये, कशावरून?"

नागसेनांनी थोडा विचार केला. "चालू करून दाखवा. वहीत तसं लिहितो."

म्हणजे जे प्रात्यक्षिक कय्यूमभाई थाटात करणार होते, तेच आता चौकशी म्हणून करायचे! ते दुकानाच्या टिनाच्या छपरावर चढले आणि छत्री फिरवू लागले. खाली मुबीना टीव्हीपाशी बसली.

"आला का?"

"नाही!"

"आता?"

"आला!" साठ जण ओरडले. "गेला! आला! अरे, गेला!" इतक्या एकजुटीने तांदुळखेडने आजवर कोणाला मतदानही केले नव्हते!

आणि मग चित्र आले, ते आलेच. कापसाचे बाजारभाव चालू होते. अकोला, खामगाव, हिंगणघाट अशी एकेक ओळ सरकत होती. अक्षर न् अक्षर धुतल्यासारखे स्वच्छ. रांगेतल्या माना पुढे झाल्या.

सिंधूताई उंबऱ्यावरून उठल्या. त्यांच्या घरात मागचा कापूस अजून पडून होता. "काल तो व्यापारी मले केवढा कमी भाव सांगून गेला!" त्या टीव्हीजवळ गेल्या. "हे रोज दिसते का रे, भाऊ?"

"रोज, ताई."

"मंग मले एक डबा दे. बियाण्याचं बियाण्याच्या ठिकाणी पाहू."

"थांब वो, सिंधू!" हिंमतराव कडाडले. "पयला नंबर माहा हाये! सात वाजल्यापासून उभा हाओ मी!"

"तुमी बियाण्याच्या रांगेत उभे होते, काका. डब्याच्या रांगेत मी पयली!"

वाद तीव्र झाला. अखेर नागसेनांनीच निर्णय दिला, की पहिला मान ताईंचा, दुसरा काकांचा. मग त्यांनी वहीचे नवे पान उलटले. "सोमवारी नांदुऱ्याला बियाण्याची गाडी येणार आहे. सातबारे आणलेच आहेत, तर नावं लिहून घेतो." त्यामुळे कोणाचीही सकाळ वाया गेली नाही. साडेबारापर्यंत आठही डबे संपले!

दुपारी चार वाजता कय्यूमभाई सिंधूताईंच्या माळवदावर छत्रीचा शेवटचा नट आवळीत होते. खिशातला फोन वाजला. नांदुऱ्याचे ठोक व्यापारी होते.

"कय्यूमभाई, आठही गेले म्हणता? कमाल केली! एजन्सी तुमची. मुबारक हो!"

कय्यूमभाईंच्या डोळ्यांपुढून भुसावळचे स्टूल कायमचे दूर झाले. माळवदावरून त्यांना आपले अख्खे गाव दिसत होते, आणि ते फार देखणे वाटत होते.

"आता असं करा," व्यापारी म्हणाले, "कागद तयार आहेत. साडेपाचच्या आत या आणि सही करून जा. उद्या मला अचानक बाहेरगावी जावं लागतंय."

"येतो साहेब, आत्ता निघतो!"

फोन ठेवून ते काठाशी आले आणि थबकले. शिडी नव्हती! दूर गल्लीच्या टोकाला हिंमतराव तीच शिडी खांद्यावर घेऊन लगबगीने आपल्या घराकडे चालले होते.

"काका! ओ काका! शिडी!"

"दुसरा नंबर माहा हाये!" हिंमतराव मागे न पाहता ओरडले. "शिडी नेऊन ठेवतो, तू ये लवकर!"

फोन पुन्हा वाजला. "निघालात ना, कय्यूमभाई?"

"हो साहेब," नवे एजंट माळवदाच्या काठावर पाय सोडून बसत विनयाने म्हणाले, "निघालोच हाओ. फक्त अजून उतरलो नाही!"