तळ्याकाठचे तुळजाराव

रविवारी सकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर रिकाम्या हातानं गेलात, तर तुळजाराव सरळ घरी पाठवत. पाण्याशी नातं असलेली घरातली एक वस्तू आणायची, मधे ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्याविषयी बोलायचं, हा त्यांचा नियम. कुणी स्वतःची बढाई सुरू केली की म्हणत, "तूं गप की! वस्तु बोलूं दे!"

तंजावूरच्या आमच्या गल्लीतल्या मराठी घरांचं हे सामाईक तळं. नव्वदनंतर गल्लीत केबल आली, तेव्हा ते अर्धं गाळानं भरलं होतं. ते बुजवून लग्नाचा हॉल बांधायचा बेत होता आणि त्यात मीच पुढे होतो. आज लोक तळं मी वाचवलं म्हणतात, शालही घालून झाली. ती मला पेलत नाही, म्हणून हे लिहितो.

तुळजाराव निवृत्त पोस्टमास्तर, विधुर. आधी त्यांनी काठावर पाटी लावली, 'येथे कचरा टाकू नये'. अक्षर सुरेख, पण देवनागरी! आम्ही मराठी बोलतो; वाचतो तमिळ. हे अक्षर पाहायचं ते पोथीत, देवापुढे; आठवड्यात पाटीला हळदकुंकू लागलं. शेजारच्या सीताक्का तिला प्रदक्षिणा घालू लागल्या.

मी हसून म्हटलं, "अण्णा, पाटी कुणालाच वाचता येत नाही."

"कचरा पडतो अहे का?"

पडत नव्हता.

मग रविवार सुरू झाले. सीताक्कांनी कॉफीचा फिल्टर आणला. विहिरीचं पाणी बिघडल्यापासून कॉफीला चव नाही, ही तक्रार तासभर रंगली. तळं आटत गेलं तशा विहिरी बिघडल्या, हे बोलता बोलता त्यांनाच उमगलं. बँकेतला शेषगिरी नव्या वॉशिंग मशीनचं नुसतं माहितीपुस्तक घेऊन आला.

"मशीन कोठें?"

"अण्णा, ते कसं उचलू?"

"मग पुस्तक कपडे धुतं का?"

पुढच्या रविवारी मशीन सायकलरिक्षातून आलं. ते जेवढं पाणी पितं, तेवढं तुळजारावांनी शेषगिरीला तळ्यातून बादलीनं काढायला लावलं. तो धापा टाकत पायरीवर बसला.

तळं बुजवायचं की नाही, याचा हात वर करून निकाल लावायचा रविवार उजाडला. शेषगिरीनं टोमणा मारला, "सगळ्यांकडून आणवलंत अण्णा. तुमची वस्तु कोठें?"

तुळजाराव उठून घरी गेले आणि दोरीत ओवलेले दोन सुके भोपळे घेऊन आले. त्यांचा मुलगा व्यंकू हे कमरेला बांधून इथं पोहायला शिकला होता. आता तो अमेरिकेत होता, येत नसे.

"आपल्यांत वडिलांदेखत स्वतःचं पोर उचलायचं नाही, ठाऊक अहे की," ते म्हणाले. "अप्पा होते तोवर घरांत मी व्यंकूला एकदाही जवळ घेतलों नाही. पाण्यांत कोण काय बोलणार? शिकवतो अहे म्हणून पोटाखालून धरलों. एक उन्हाळा. पुढच्या उन्हाळ्यांत पोर आपलं आपण पोहलं."

भोपळ्यांकडे पाहत त्यांनीच विचारलं, "बुजवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात वर गेला नाही. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटाखाली माझ्या वडिलांचा तळहात लागत होता.