कापलेल्या ‘स’ची धार

सांगा सांगा म्हणून भरल्या ताटावरून उठवलंत, तर ऐका आता. ध्वनिमुद्रणात माणसाच्या ‘स’ची धार कापली की ती त्याच्या तोंडातूनही जाते. कापलेली धार पुडीत बांधून ज्याची त्याला परत द्यायची असते, शिंपी उरलेलं कापड देतो तशी. यात नवीन काय, ते तुम्हालाच ठाऊक.

दौलतराव नागोसे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले खलनायक. त्यांनी नुसतं “सेनापती!” म्हटलं की मांडवाच्या मागच्या टोकाची पोरं आयांच्या पदराखाली शिरत. जन्मात एकदाच सिनेमात काम केलं, आणि आवाज द्यायला नागपूरच्या स्टुडिओत गेले. तिथं तन्मय देशकर नावाचा मिक्सिंगवाला.

“काका, तुमचा स कानाला टोचतो. जरा मऊ करतो.”

“टोचू दे ना बाप्पा. खलनायक हावो मी, मलम नाही.”

तन्मय हसला आणि धार मुळापासून कापली.

बाहेर दौलतरावांनी “साखर कमी” म्हणून चहा सांगितला, तर स ओल्या फटाक्यासारखा फुसकन पडला. त्याच दिवशी वडशाला प्रयोग होता. ते तसेच आत वळले.

“माही पुडी दे.”

“पुडी नाही काका. कँटीनच्या कुकरची शिट्टी बसली होती, त्याला दिली.”

“मले न इचारता?”

“वाया गेली असती.”

कँटीनमध्ये कुकर शिट्टी देत होता आणि आतली डाळ भिऊनच शिजत होती. स्वयंपाकवाल्या मंगलाबाई भिंतीला चिकटून उभ्या.

“माही धार परत कर,” दौलतराव म्हणाले.

“ड्यूटीवर असताना देता येत नाही,” कुकर म्हणाला. “आणि वाफेला लागलेली धार सुटत नसते.”

“खरं हाय दादा,” मंगलाबाई म्हणाल्या. “म्या राखेनं घासून पायलं.”

मागून तन्मय आला. “काका, बिनधारेचं करून बघा. हल्ली गुळगुळीत खलनायकच चालतात.”

दौलतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, कुकरला गुंडाळला आणि उचलला.

“डाळ तेवढी येळेवर उतरवा,” मंगलाबाई म्हणाल्या. “लागते बुडाला.”

वडशाच्या मांडवात दिग्दर्शक आडवा आला. “नाटक ऐतिहासिक आहे. दरबारात कुकर कुठला?”

“तुह्या राजाची दाढी डिंकाची हाय. तिले कोणी इचारलं का?”

स्टोव्ह पेटवून कुकर सिंहासनाशेजारी बसवला. दौलतरावांनी तोंड उघडलं, कुकरनं स दिला. मागची पोरं पदराखाली गेली, या खेपेला दोन म्हातारेही गेले.

आता पोस्टरवर दोघांची नावं असतात. वर कोणाचं, यावर अजून तंटा चालू आहे. स्टुडिओत सगळे कच्ची डाळ खातात, खाऊ देत. पण परक्याच्या तोंडातली धार न विचारता कापून दान करायची, आणि वर गुळगुळीत व्हा म्हणायचं, त्याची माफी दौलतरावांकडे अजून कोणी मागितलेली नाही. मागायची ती एकट्यानंच: तन्मय देशकरनं.