आबा, रंगांच्या पलीकडे

माझे फोटो वाईट येतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी बायको सांगायचीच. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जाऊन मी मोर काढला, तर फोटोत झुडूप आलं. हरीण काढलं, तेही झुडपातच आलं. (झुडपं मात्र सुरेख यायची.)

आमच्या शाळेतले चित्रकलेचे शांतलिंग सर म्हणाले, "रामहरी, रंग काढून टाका. ब्लॅक अँड व्हाइट केलं की फोटोत अर्थ येतो." मी क्लार्क माणूस. अर्थ एवढा स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर सोडतो कशाला. आधी स्वतःचाच फोटो काळापांढरा करून डीपीला लावला. बरा वाटला. मग तीन आठवड्यांनी जंगलातले पंधरा फोटो तसेच करून टाकले.

त्यातला एक आबाचा होता. आबा म्हणजे म्हातारं वानर. येडशीजवळच्या वाडीत माझी सासुरवाडी आहे. तिथं आबा रोज दुपारी पत्र्यावर येतो आणि सासूबाईंच्या, म्हणजे विठाबाईंच्या, हातून भाकरी घेऊन जातो. त्या जेवढ्या मायेनं त्याला वाढतात तेवढ्या मायेनं मला अजून वाढलेलं नाही. तर त्याचा फोटो मी शनिवारी स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, "आबा. रंगांच्या पलीकडे."

तासाभरात मेव्हण्याचा, रणधीरचा, फोन आला. आवाज बसलेला.

"दाजी, आबाचं बघितलं. कधी झालं हे?"

"परवा दुपारी. रामलिंगच्या कठड्यावर."

"तरीच दोन दिस आला न्हाय. तुमी जवळ होता?"

"दहा फुटांवर."

"तरास झाला का त्याला?"

"छे रे. एका क्षणात झालं. त्याला कळलंसुद्धा नाही."

"बरं झालं तेवढं. बाकीचं आता आमी बघतो."

"बघा की, सावकाश बघा. अजून चौदा आहेत."

"अरं देवा!" पलीकडून एवढंच आलं. मला वाटलं, पोरगा दाद देतोय. फोन ठेवल्यावर मी स्वतःसाठी चहा टाकला, एवढा मी खूश होतो.

रविवारी सकाळी बायको, निकिता, माहेरचा फोन ठेवून बाहेर आली. "अहो, आई रडतीय. आबा गेलाय म्हणं. आणि तुम्हीच कळवलंय."

तेव्हा कुठं उजेड पडला. आमच्याकडं ज्याचा फोटो काळापांढरा, तो माणूस गेला, एवढा साधा हिशेब आहे. आणि सासुरवाडीला वानर गेलं की घरच्या माणसासारखं करायची रीत. गडी माणसं टक्कल करतात.

"आणि आज बाराला रणधीरचं घर बघायला पाहुणे येणारेत," निकिता म्हणाली. "मुलगीपण येतीय."

रणधीरला आधी तीन ठिकाणांहून नकार आलेला. त्याच्याकडं दाखवण्यासारखं म्हणजे एक विहीर आणि डोक्यावरचे दाट केस. मला खरंच भीती वाटली. रणधीर आणि सासूबाई, दोघंही फोन उचलेनात. आम्ही गाडीला किक मारली.

आमच्या कळंबहून वाडीला पोचेपर्यंत मांडव उभा होता. मध्ये पाटावर मी काढलेला आबाचा फोटो. फ्रेम केलेला, वर झेंडूचा हार, पुढं केळी. (आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा फोटो फ्रेम केला होता. दोन मिनिटं मी फक्त प्रकाश कसा पडलाय तेच बघत राहिलो.) बाजूला रणधीर दगडावर बसलेला. डावीकडचे केस गेले होते, उजवीकडचे होते.

"थांबा, आबा जिवंत आहे," मी म्हणालो.

कुणी काही बोलायच्या आत पत्रा वाजला. आबा खाली उतरला, पाटाजवळ आला, स्वतःच्या फोटोकडं जरा बघितलं आणि एक केळ उचलून निघून गेला.

न्हावी म्हणाला, "ह्या बाजूचं ठिवू का काढू?"

काढावेच लागले. पाहुणे आले तेव्हा रणधीरचं डोकं तेल लावलेल्या पाट्यासारखं चमकत होतं. मुलगी, राजनंदिनी, डोक्याकडं बघत म्हणाली, "घरात कोण वारलं का?" रणधीरनं सगळं खरं सांगितलं. ती खाली मान घालून हसत बसली. मग बापाला म्हणाली, "वानरासाठी केस देणारा माणूस बायकोला सांभाळंल की. मला पसंत हाय." सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा मायेनं वाढलं. वाढताना म्हणाल्या, "जावईबापू, तेवढं कुणाचा फोटू काळा करू नका."

परतताना मागं बसलेल्या निकितानं विचारलं,

"तुमचा डीपीपण तसलाच आहे ना? कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"कुणाचा फोन आला?"

मी आठवून बघितलं. सासुरवाडी, ऑफिस, गल्ली, सगळं आठवलं.

"शांतलिंग सरांचा आला होता," मी म्हणालो. "फोटो छान आलाय म्हणाले. जपून ठेवा, पुढं कामाला येईल."