मांजर उपाशी राहीना

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि सुटलीच, तर ती निर्दोष असते," असं मामा स्वतःविषयी सांगत. मामा म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचे मेहुणे. निवृत्तीनंतर ते दवाखान्यात बिनपगारी गुप्तहेर म्हणून येऊन बसत. डॉक्टर काही बोलत नसत. घरी बायको होती, म्हणजे मामांची सख्खी बहीण.

काउंटरवरच्या ताईची नोकरी मात्र धोक्यात आली होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी तिने मांजराच्या नोंदीत कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, 'रात्री उपाशी ठेवा'. संध्याकाळी ओळ गायब. मांजर तुडुंब जेवलं, शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली.

"निष्काळजीपणा! आज पुन्हा असं झालं, तर उद्या येऊ नका," डॉक्टर कडाडले.

मामांनी तपास हाती घेतला. "गुन्ह्याचा फायदा कोणाला? मांजराला!"

"ते पिंजऱ्यात होतं, मामा."

"म्हणजे साथीदार आहे. कुत्रा."

"कुत्रा मांजराला मदत करेल?"

"म्हणून तर कोणाला संशय आला नाही!"

ताईने कपाळाला हात लावला आणि ओळ पुन्हा लिहिली. मामा डॉक्टरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पहारा देत होते. संध्याकाळी ती आत डोकावली, तर तिथल्या पडद्यावर ओळच नाही!

"ओळ कुठंय, मामा?"

"सकाळपासून नाहीच. मी पापणी हलवलेली नाही."

"सकाळपासून? ही नोंद उघडली कोणी?"

"दाजींनी. रोज चहा पिताना सगळ्या नोंदी उघडतात, जाताना सगळ्या सेव्ह करतात. शिस्तीचा माणूस!"

तेवढ्यात शिस्तीचा माणूस आला आणि त्याने माउसला हात घातला.

"थांबा!" ताई ओरडली. "मी दुपारी लिहिते, आणि तुम्ही संध्याकाळी त्यावर सकाळची शिळी नोंद बसवता. शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं!"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "यंत्राचा दोष दिसतोय."

सकाळी हाच दोष ताईचा होता, तेव्हा त्याचं नाव निष्काळजीपणा होतं.

मांजर उपाशी राहिलं, ताईची नोकरीही राहिली. तिच्या हट्टामुळे कॉम्प्युटरवाल्याने सोय केली: नोंद एकाने उघडली की इतरांनी फक्त वाचायची.

दुसऱ्या दिवशी एकाही नोंदीत कोणाला अक्षर लिहिता येईना. पडद्यावर एकच सूचना: 'मामांनी उघडली आहे'. सगळ्या नोंदी पहाऱ्याखाली घेऊन मामा घरी जेवून झोपले होते.

"उठवा त्यांना!" डॉक्टर गरजले.

"उठवते. आधी तुमच्या घरी बाईसाहेबांना फोन लावून विचारू का?"

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी कागद-पेन मागितलं.